चार बोटांची ढांग

उजव्या टाचेला चुना लागला होता. डाव्या टाचेला नव्हता.

“परत,” मी म्हणालो.

भागीनं एका पायावर उभं राहून डाव्या बुटाचा तळ उलटा करून पाहिला. “लागलाय की भाऊसाब जरा. ह्ये बगा.”

“तो मागच्या फेरीचा. वाळलाय. मला ओला दाखव.”

“पोलिसात जायला पायजे हुतं तुमी,” ती म्हणाली आणि धापा टाकत, पण तक्रार न करता, पहिल्या रेघेकडे चालू लागली.

शाळेमागच्या कातळावर मुरूम टाकून त्याला आम्ही मैदान म्हणत होतो. तिथं मी कालवलेल्या चुन्याच्या वीस रेघा मारल्या होत्या. दोन रेघांमधलं अंतर एक मीटर बत्तीस सेंटीमीटर. भागीनं पळत यायचं आणि प्रत्येक रेघेवर टाच टेकवायची. एक डावी, एक उजवी. वीस रेघांनंतर बुटांच्या दोन्ही टाचा पांढऱ्या झाल्या पाहिजेत, नाही झाल्या तर परत. त्र्याण्णव सालचा डिसेंबर होता, शाळा भरायला अजून तासभर होता, आणि ही सातवी फेरी होती.

आता मी कोण, ते सांगतो. मी त्या शाळेचा क्लार्क. पळण्याशी माझा संबंध एवढाच, की मी आयुष्यात कधी पळालो नव्हतो. खेळाच्या शिक्षकांची बदली होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांच्या जागी सरकारनं फक्त आश्वासन पाठवलं होतं. त्यातच कोल्हापुरात तीन दिवसांचं क्रीडा शिबिर निघालं. प्रत्येक शाळेनं एक माणूस पाठवायचा होता. आमचे मुख्याध्यापक हेब्बाळकर सर मला म्हणाले, “वास्तविक पाहता तुम्हीच जा, भाऊसाहेब. शिक्षक पाठवला तर तास बुडतात. तुम्ही गेलात तर काहीच बुडत नाही.”

हेब्बाळकर सर एका सभेत ‘वास्तविक पाहता’ किती वेळा म्हणतात, याची नोंद माझ्याकडे होती. उच्चांक एकेचाळीस. मला नोंदींची हौसच होती. कोणते गुरुजी प्रार्थनेला किती मिनिटं उशिरा येतात आणि त्यासाठी घरातल्या कोणाला आजारी पाडतात, हे मी एका वेगळ्या वहीत लिहीत असे. एका गुरुजींच्या सासूबाई एकाच वर्षात चौदा वेळा आजारी पडल्या. त्या वारल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

असा मी शिबिराहून स्टॉपवॉच, प्रमाणपत्र आणि एक वाक्य घेऊन आलो. वाक्य असं: धावण्याचा वेग म्हणजे पावलांची लांबी गुणिले पावलांची संख्या. शिबिरात ते फळ्यावर लिहिलं, आणि मला वाटलं, अरे, हे तर आपल्याच खात्याचं काम आहे.

भागी येडगे आठवीत होती. सड्यावरच्या धनगरवाड्यातून रोज सहा किलोमीटर उतरून शाळेत यायची आणि संध्याकाळी तेवढंच चढून जायची. उशीर झाला की पळत यायची, आणि सराव सुरू होण्याआधी उशीर रोजच व्हायचा. तिचं पळणं बघण्यासारखं होतं. पावलं आखूड, भराभर, चवड्यावर. खांदे किंचित पुढं. टाच जमिनीला लागते की नाही, कळायचंही नाही. आणि आवाज नाही. पाठीमागून आली तर ती शेजारून पुढं गेल्यावरच समजायचं. नोव्हेंबरात तालुक्याच्या शर्यतीत ती अनवाणी पळाली आणि दुसरीला ऐंशी मीटर मागं टाकून आली.

ते ऐकून जिल्ह्याच्या क्रीडा वसतिगृहाचे प्रशिक्षक माणगावे सर तिला बघायला आले. काटक, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी तिला चार फेऱ्या पळवलं आणि मला विचारलं, “हिला कुणी शिकवलं?”

“कुणीच नाही, सर. म्हशींनी.”

“म्हशींनी चांगलं शिकवलंय. आता आपण मध्ये पडायचं नाही. तिच्या पळण्याला हात लावू नका. फक्त एक वही करा. किती अंतर पळाली, किती वेळात पळाली आणि काय दुखलं. तीन रकाने. दर शनिवारी एका कार्डावर उतरवून मला टाका. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी कोल्हापुरात चाचणी. मुलींना दोन जागा आहेत.”

त्या दोन जागा म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको होतं. राहणं, जेवण, बारावीपर्यंत शिक्षण. धनगरवाड्यावरची मुलगी आठवीच्या पुढं शिकल्याची एकही नोंद आमच्या जनरल रजिस्टरात नव्हती, आणि ते रजिस्टर मीच लिहीत होतो. भागीच्या बापानं तर स्पष्टच सांगितलं होतं. दुधाची किटली खाली ठेवून, टोपी काढून म्हणाला, “भाऊसाब, वसतिगृहात लागली तर ऱ्हाऊ दे तिकडं, माझी ना न्हाई. न्हाई लागली तर वैशाखात हात पिवळं. पावणं इचारून गेल्यात.”

तेव्हा जे काही होतं ते जानेवारीच्या त्या एका रविवारावर होतं.

‘मध्ये पडायचं नाही’ हे क्लार्कला सांगू नये. शासनाचं अर्धं काम क्लार्क मध्ये पडतो म्हणूनच चालतं, असं तोपर्यंत माझं मत होतं. मी एका सकाळी तिची पावलं मोजली. मिनिटाला दोनशे. तीन हजार मीटरला तिला बरोबर बारा मिनिटं लागत. म्हणजे चोवीसशे पावलं, आणि एक पाऊल सव्वा मीटरचं. आता प्रत्येक पाऊल फक्त चार बोटं लांब पडलं, सात सेंटीमीटर धरा, तर चोवीसशे पावलांत एकशे अडुसष्ट मीटर होतात. एकशे अडुसष्ट मीटर! जास्तीचं एक पाऊल न टाकता! मी तो गुणाकार तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, आणि उत्तर बरोबर आलं की माझा त्यावर विश्वास बसतो.

भागीला सांगितलं, तर तिनं हात कमरेवर ठेवले. “ढांगा टाकू? बगळ्यावानी?”

“बगळ्यासारख्या नाही. नेहमीपेक्षा चार बोटं पुढं. टाच आधी टेकव, मग बाकीचं पाऊल.”

तिनं करून पाहिलं आणि दहा पावलांत थांबली. “टाच लागतीया की वो. खाली दगड हाय.”

खाली दगड होता हे खरं. अनवाणी पायानं कातळावर टाच आपटायला कोण तयार होईल? तिचा पायच तिला तसं करू देईना. मग मी शाळेच्या कपाटातून कॅनव्हासचे बूट काढले, जाड टाचेचे. ते घातल्यावर टाच टेकवायला ती भ्यायची थांबली. मी चुना कालवला.

चार आठवड्यांत बारा मिनिटांची अकरा एकतीस झाली.

शाळेनं ती वेळ डोक्यावर घेतली. हेब्बाळकर सर प्रार्थनेनंतर म्हणाले, “वास्तविक पाहता याचं श्रेय आपल्या भाऊसाहेबांना आहे,” आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी पहिल्यांदा. शिक्षकांच्या खोलीत मला चहा आधी मिळू लागला. चौदा वेळा सासू आजारी पाडणारे गुरुजीसुद्धा “कोच” म्हणून हाक मारू लागले, आणि ती थट्टा आहे हे कळूनही मला ती आवडत होती.

भागीच्या पावलांना आता आवाज येत होता. थप, थप, थप. कार्यालयात बसून, मान खाली घालून, पगारपत्रक करता करता मी तिच्या फेऱ्या मोजू शकत होतो. हे सोयीचं झालं, असंही मला वाटलं.

दोन जानेवारीला, रविवारी, माणगावे सर परत आले. एक फेरी पाहून झाली आणि त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

“हिची ढांग वाढलीय. कुणी वाढवली?”

रेघा आदल्या दिवशीच मी पाण्यानं धुवून काढल्या होत्या. म्हणालो, “आपोआपच, सर. बूट मिळाले ना.”

ते भागीकडे वळणार तेवढ्यात मी घड्याळ पुढं केलं. “अकरा एकतीस.”

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. मग मैदानाकडं. अकरा एकतीस म्हणजे जिल्ह्यात पहिल्या तिनात, हे त्यांना माहीत होतं. माणूस कितीही जाणता असला तरी चांगल्या आकड्यापुढं क्षणभर थांबतोच. तेही थांबले.

“हं,” ते म्हणाले. “चाचणी चार आठवड्यांवर आलीय, आता परत बदलायला नको. पण ऐका. पाय शरीराच्या पुढं जाऊन टाचेवर पडला, की सगळा दणका नडगीला जातो. पोटरी भरून आली तर चिंता नाही, पळवा. नडगी ठणकली तर त्याच दिवशी थांबवायचं आणि मला फोन करायचा. पंधरा दिवस विश्रांती दिली तरी ही मुलगी मला चाचणीत चालेल. कळलं?”

“कळलं, सर.”

भागी तोपर्यंत लांब, पाण्याच्या टाकीकडं गेली होती; यातलं तिनं काही ऐकलं नाही.

आठ दिवसांनी, सोमवारी, ती पळून आली आणि कार्यालयाच्या पायरीवर बसली. बूट काढला.

“भाऊसाब, नडगी ठणकतीया.”

“कुठं?”

तिनं घोट्याच्या वर वीतभर अंतरावर, हाडाच्या आतल्या कडेला बोट ठेवलं आणि लगेच उचललं. “हितं. बोट ठिवलं की कळ डोस्क्यात जाती.”

“पळताना पण?”

“पळताना कमी. थांबलो की लई. राती कूस बदलाया येत न्हाई.” आमच्याकडच्या मुली स्वतःबद्दल ‘थांबलो, आलो’ असंच बोलतात. मराठीचे गुरुजी त्यापायी रोज थोडा घसा बसवून घेत.

“घरी सांगितलंस?”

“बाला? त्यो म्हणंल, बरं झालं, आता बस घरात.” ती हसली आणि मग गंभीर झाली. “तुमी सरांस्नी कळवा. ते थांब म्हणलं तर थांबतो. पळ म्हणलं तर पळतो.”

मी वही उघडली. तारीख घातली. अंतर तीन हजार. वेळ अकरा तेहतीस. तिसऱ्या रकान्यावर पेन थोडा वेळ थांबलं असावं. वीस दिवस राहिले होते. पंधरा दिवस विश्रांती दिली तर अकरा तेहतीसची परत बारा मिनिटं होईल, असा माझा हिशेब होता. शिवाय सर येतील, भागीशी बोलतील, ती चुन्याच्या रेघांचं सांगेल.

“लिवलं?”

“लिहिलं.”

मी वही मिटली. शनिवारी कार्ड टाकलं. मंगळवारी उत्तर आलं, दोन ओळींचं. पहिली ओळ मी मनात वाचली. दुसरी तिला वाचून दाखवली, “चालू ठेवा.”

“सरांनी म्हणलं?”

“ही बघ सही.” पहिली ओळ मी अंगठ्याखाली झाकून धरली होती.

तिनं सही पाहिली. “मग बरं,” म्हणाली आणि बुटाची नाडी आवळू लागली.

त्यानंतर दोनदा ती तसंच म्हणाली, दोन्ही वेळा मी वही उघडली, लिहिलं, मिटली. चौथ्या वेळी ती काही बोललीच नाही. पायरीवर बसून दोन्ही हातांनी पाय धरला, थोडा वेळ तसाच दाबून ठेवला आणि उठून वर्गात गेली. बोलली नाही म्हणजे दुखणं थांबलं असेल, असं मी समजलो. समजलो म्हणजे तसं समजायचं ठरवलं.

चाचणीला चौदा मुली होत्या. साडेसात फेऱ्या. हेब्बाळकर सरांनी शाळेतून मला एकट्यालाच पाठवलं होतं, तास बुडू नयेत म्हणून, तेही रविवारी. मी कडेला वही काखेत घेऊन उभा होतो. माझ्याशेजारी माणगावे सर.

चौथ्या फेरीला भागी चौथी होती. पाचवीला दुसरी. पुढची मुलगी दमली होती, ते सगळ्यांना दिसत होतं.

“ही येतीय,” सर स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या मिशीत हसू होतं. “भाऊसाहेब, ही जागा घेणार.”

सहाव्या फेरीच्या वळणावर मी आवाज ऐकत होतो. थप, थप, थप, आणि मग एक थप पडलीच नाही. भागीचा डावा पाय हवेतच राहिला असं वाटलं. ती पडली नाही. उजव्यावर उडी मारल्यासारखी पुढं गेली, डावा टेकवला, परत उडी. मागची एक मुलगी तिच्या शेजारून पुढं गेली, मग आणखी एक. तशी ती त्रेचाळीस पावलं गेली. मी मोजली. असल्या वेळीही मी मोजत होतो. मग ती मातीत बसली आणि नडगीवर दोन्ही हात दाबून धरले.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. “हे आजचं नाही. आधी बारीक चीर होती, केसासारखी. तीन आठवडे तरी झाले असतील. तिच्यावर रोज पळत राहिली. आज हाड सरळ दुभंगलं. एवढे दिवस ठणका असणारच. कुणाला सांगितलं नाही का तिनं?”

प्लॅस्टर होईपर्यंत माणगावे सर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मग आत आले आणि भागीच्या खाटेशी उभे राहिले. मी पायथ्याशी.

“नडगी दुखत होती?”

“व्हय.”

“कधीपासनं?”

“संक्रातीच्या आदीपासनं.”

“मग बोलायचं नाही?”

“बोललो की, सर.”

“कुणाला?”

“भाऊसाबास्नी. तीनदा. त्यांनी लिवलं बी.”

सरांनी माझ्याकडं न पाहता हात पुढं केला. मी वही दिली. दुसरं काय करणार? त्यांनी पानं उलटली आणि मोठ्यानं वाचू लागले.

“दहा जानेवारी. अकरा तेहतीस. पोटरी भरली.” पान उलटलं. “एकोणीस जानेवारी. अकरा बत्तीस. पोटरी भरली. चोवीस जानेवारी. अकरा छत्तीस. पोटरी भरली.” त्यांनी वही मिटली नाही. “कार्डांवरही तुम्ही हेच लिहिलंय. मी उत्तर दिलं, पोटरी भरणं चांगलं लक्षण आहे, चालू ठेवा. भाऊसाहेब, हिनं तुम्हाला नडगी सांगितली होती?”

खोलीत स्पिरिटचा वास होता. खिडकीत एक कावळा येऊन बसला आणि उडाला. भागी माझ्याकडं बघत होती, निर्धास्त. मी आता सांगणारच, यात तिला शंका नव्हती.

एकोणीस वर्षांत किती साहेब आले, तपासण्या झाल्या, किती वेळा कागदावरच्या चुका निघाल्या. प्रत्येक वेळी एक वाक्य मला सोडवत आलं होतं. ते आपोआप आलं.

“जे सांगितलं ते लिहिलंय, सर.”

सरांनी आता माझ्याकडं पाहिलं. त्यांना संशय आला होता का? आला असावा. पण त्यांच्या हातात शाईनं लिहिलेली वही होती, आणि समोर पंधरा वर्षांची एक मुलगी होती जिला वसतिगृहाची जागा हवी होती. ते भागीकडं वळले.

“हे बघ बाळ. हाड मोडलं म्हणून मी कुणाला टाकत नाही. जूनपर्यंत जुळेल. दोनपैकी एक जागा मी तुझ्यासाठी अडवून धरली असती, दवाखान्यात येताना मी तेच ठरवून आलो होतो. पण माझ्याकडं चोवीस पोरं असतात. प्रत्येकाच्या पायात शिरून मला बघता येत नाही. त्यांच्या तोंडावर विश्वास ठेवावा लागतो. जागेसाठी दुखणं लपवायचं आणि अंगाशी आलं की दुसऱ्याचं नाव घ्यायचं, अशी लबाड मुलगी मी घेऊ शकत नाही.”

मला वाटलं ती ओरडेल. निदान रडेल. पण तिची नजर सरांच्या हातातल्या वहीवर होती आणि ओठ किंचित हलत होते, शाळेत शब्दार्थ पाठ करताना हलायचे तसे.

सर गेले. वही खाटेवर ठेवून गेले.

पुढचं थोडक्यात. ती जागा चंदगडकडच्या एका मुलीला मिळाली. जूनमध्ये मी आठवीच्या निकालानंतरचं जनरल रजिस्टर लिहिलं. येडगे भागीरथी, शाळा सोडण्याचं कारण: घरगुती. मीच लिहिलं. तिचं लग्न राधानगरीच्या बाजूला करून दिलं. डाव्या पायात थोडी लंगड राहिली म्हणून दुसरेपणावर दिलं, असं कानावर आलं. माणगावे सर त्यानंतर अकरा वर्षं होते. दर जानेवारीला चाचणीच्या मैदानावर भेटत. प्रत्येक वर्षी मी दोन-तीन मुलं घेऊन जाई, त्यांच्या पळण्याला हात न लावता. सर वही मागत, वाचत, “ठीक” म्हणत. अकरा जानेवारी. अकरा वेळा मी आणि ते शेजारी शेजारी उभे राहिलो. मग ते गेले.

पण चाचणीच्या त्या दिवशी दुपारी परत येतानाचं सांगायचं राहिलं.

आजऱ्यापर्यंत एस.टी.नं आलो आणि तिथून वडापची, म्हणजे खासगी भाड्याची, जीप केली. भागीला मागच्या बाकावर आडवं बसवलं, प्लॅस्टरचा पाय लांब करून. मी समोरच्या बाकावर, तिचा पाय घसरू नये म्हणून हातानं धरून. सड्याखाली रस्ता संपतो तिथं तिचा बाप आणि दोघं-तिघं घोंगडीची झोळी करून थांबणार होते. चारचं ऊन होतं. ती बाहेर बघत होती. अर्धा तास झाला तरी एक शब्द नाही. मला वाटलं, बोलणारच नाही आता कधी, आणि खोटं कशाला सांगू, मला जरा हायसं वाटलं.

“भाऊसाब.”

“हं?”

“येक इचारू? रागवनार न्हाई न्हवं?”

“विचार.”

तिनं वाकून प्लॅस्टरवर बोट ठेवलं, बरोबर नडगीवर. “तुमच्यात हेला पोटरी म्हणत्यात काय?”

जीप एका खड्ड्यात आदळली. मी तिचा पाय घट्ट धरला. तिनं दातांवर दात दाबले, कळ जाऊ दिली आणि परत माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर ना राग, ना टोमणा. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दवाखान्यापासून इथपर्यंत ती हेच शोधत आली होती, की एवढा शिकलेला माणूस असं का लिहील, आणि तिला एकच कारण सापडलं होतं.

“हो,” मी म्हणालो. “आमच्यात पोटरीच म्हणतात.”

“तरीच!” तिनं मोठा श्वास सोडला आणि पाठ मागं टेकली. दिवसभरात पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले. “मी म्हणलं, आसं कसं? म्हंजी तुमी बराबरच लिवलं हुतं. फकस्त सरांस्नी तुमची बोली ठावं न्हाई.”

मी मान हलवली.

“मग तेवढं सांगा की सरांस्नी,” ती म्हणाली. “जागा नगं. जागा गेली ती गेली. पर सांगा, की लबाड कुणीच न्हवतं.”

“सांगतो,” मी म्हणालो.